पलीकडे दुमडलेली पानं

सरकारदरबारी तंजावूर महानगरपालिका आहे. मोठी पाटी आहे, महापौर आहेत, कचऱ्याच्या गाडीवर भोंगा आहे. पण मी इथंच जन्मलो, इथल्याच शाळेत मार खाल्ला आणि इथल्याच लोकांना जेवू घालून म्हातारा झालो, तेव्हा माझं ऐका. हे शहर नाही. हे एक भलंमोठं घर आहे आणि त्याला दारं नाहीत. साउथ मेन रस्त्याच्या कोपऱ्यावर मी शिंकलो तर ईस्ट मेन रस्त्याला पोचेपर्यंत कुणीतरी मिऱ्याचं रसम घेऊन उभं असतं.

बाहेरच्या लोकांना वाटतं, लहान गावात माणूस सुखी असतो. ओळखी असतात, अडीनडीला माणसं धावून येतात. येतात, अगदी धावून येतात. अडचण इतकीच, की ती परत जात नाहीत.

राजवाड्यामागच्या गल्लीत आमची मेस होती. मेस म्हणजे हॉटेल नव्हे. हॉटेलात माणूस हवं ते मागतो. मेसमध्ये पानावर पडेल ते खातो आणि रोज तेच तोंड घेऊन परत येतो. बदली होऊन आलेले बँकेचे क्लार्क, औषधकंपन्यांचे रिप्रेझेंटेटिव्ह, कॉलेजातले सडेफटिंग मास्तर, कोर्टात तारखेला आलेले पक्षकार आणि त्यांच्याच शेजारी बसून जेवणारे विरुद्ध बाजूचे वकील. गल्ला मी सांभाळायचो, गप्पा मी सांभाळायचो. बाकी सगळं म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, चुलीपुढे उभी राहिली, आणि त्यानंतर ती चुलीपासून हातभर लांब गेलेली मी पाहिली नाही. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. तिच्या सांबाराला फोडणी बसली की त्या वासानं कलेक्टर कचेरीतल्या अडकलेल्या फायली आपोआप पुढच्या टेबलावर सरकायच्या. हे मी वाढवून सांगत नाही. एका हेडक्लार्कनं माझ्यासमोर कबूल केलं होतं.

पानावर काय असायचं? सांबार, रसम, डाळीतली भाजी म्हणजे कूटु, परतलेली म्हणजे पोरियल, ताक. म्हणजे जे तंजावुरात सगळीकडे असतं तेच, फक्त बरं. आम्ही मराठी राजांबरोबर इथं आलेल्यांचे वंशज, घरात मराठी बोलतो, हे गावाला माहीत होतं, पण त्याचं गावाला काही वाटत नव्हतं. कुणाच्या घरात मांजर असतं, कुणाच्या घरात मराठी. देवनागरी वाचणारं आमच्या गल्लीत फारसं कुणी उरलेलं नाही. मला येतं, कारण माझ्या वडिलांची पक्की समजूत होती की एक ना एक दिवस महाराष्ट्रातून आम्हाला पत्र येईल, आणि ते वाचायला घरात कुणीतरी हवं. पत्र आलं नाही. बस आल्या.

पुण्याच्या, कोल्हापूरच्या, नाशिकच्या. मदुराई, रामेश्वरम आणि मग तंजावूर. सकाळी मोठं देऊळ, दुपारी राजवाडा, आणि मध्ये पोटाचा प्रश्न. ह्या बस जिथं थांबायच्या त्या लॉजचा मालक माझा शाळेतला बाकसोबती. माणूस तमिळ, मनानं बरा आणि शकुनाअपशकुनाला असा भिणारा की मांजर आडवं गेलं तर तो मांजराची जन्मवेळ विचारेल. तीसेक वर्षं तो रोज सकाळी सहाला आमच्याकडे कॉफी प्यायला यायचा. त्याच्या घरी कॉफी होत नव्हती असं नाही. पण घरच्या कॉफीबरोबर गावाच्या बातम्या मिळत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या घरमालकानं जागा विकायला काढली. मालक चेन्नईला, पोराला म्हणे जुन्या घरांची आवड. त्याला तिथं पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या, परदेशी लोक खांबाला टेकून फोटो काढतात तशा. ज्या खांबाला टेकून आम्ही इतकी वर्षं ताक घुसळलं, तो खांब एका रात्रीत हेरिटेज झाला. आम्ही झालो नाही. पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, जागा रिकामी करायची असं ठरलं.

मी काही दिवस गावभर फिरलो. प्रत्येक ओळखीच्यानं मला बसवून घेतलं, कॉफी पाजली, हळहळ केली आणि आपल्या ओळखीचा एक माणूस सांगितला. त्या माणसानं मला बसवून घेतलं, कॉफी पाजली. अशी साखळी फिरत फिरत शेवटी माझ्याच मेसमध्ये येऊन थांबली, कारण शेवटच्या माणसानं सांगितलं की जागेच्या बाबतीत गावात कुणाला माहिती असेल तर ती मलाच. जागा काही मिळाली नाही. लहान गावात जागा नसतेच. प्रत्येक जागी कुणीतरी बसलेलं असतं, आणि ते तुमच्या नात्यातलं असतं.

अक्काची चूल तशीच चालू होती. पण एकदा दुपारी, भांडी पालथी घालताना, ती मला, धाकट्या भावाला, म्हणाली, "तंबी, मजला दुसऱ्याच्या सुनेच्या चुलीवर उभं करू नको." तिला दुसरं काहीही नको होतं. तिची मुलगी बंगळुरूला, चांगली नोकरी, बोलावत होती. तिच्याकडे चकचकीत स्वयंपाकघर आणि त्यात स्वयंपाकाला बाई. तिथं गेलं की सगळे अक्काला पोळपाटाला हात लावू द्यायचे नाहीत, नुसते पाया पडायचे.

तेव्हा लॉजवाला पुढे आला. त्याच्या लॉजच्या तळमजल्यावर एक नवा हॉल तयार होत होता. रंग ओला होता, पंखे लागले होते, मागे मोठं स्वयंपाकघर. त्याच्या मनात तिथं जेवणाची सोय काढायची होती; टूरच्या बस त्याच्याच दारात थांबतात, मग प्रवासी जेवायला दुसरीकडे का जावेत. पोंगलच्या आधीचा मार्गळी महिना चालू होता. मार्गळीत आमच्याकडे कुणी नवं काम सुरू करत नाही, पहाटे अंगणात कोलमच्या मोठ्या रांगोळ्या काढतात आणि बाकी सगळं पुढे ढकलतात. म्हणून हॉल पोंगलनंतर, तै महिन्यात उघडायचा. पण त्याआधी एका टूरवाल्याला जेवण घालून दाखवायचं होतं. त्या मॅनेजरला पसंत पडलं तर मोसमभराच्या सगळ्या बस इथं जेवतील, आणि हॉल आमचा.

लॉजवाल्यानं मला कानात सांगावं तसं सांगितलं. सांबार, वडा, रसम, दोन भाज्या, पायसम. पान मोठं घे. आणि बाकी काही डोकं चालवू नको.

मी हे घरी जाऊन अक्काला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"कुठनं येतायत ती?"

"पुण्याकडनं."

"मराठी?"

"मग काय."

तिनं पदराला हात पुसले. मग जे म्हणाली ते मला अजून अक्षरशः आठवतं. "तीनशे वर्षांनी आपली माणसं आपल्या पानावर बसणार. त्यांस मी बँकेच्या क्लार्काचं सांबार घालू?"

आता ह्यात चूक कुठं आहे ते मला दाखवा. गावात कुणालाही विचारा, घरचं माणूस लांबून आलं की आपण त्याला खानावळीचं वाढतो का? अक्काकडे एक स्वयंपाक मेससाठी होता आणि एक घरासाठी. घरचा म्हणजे रविवारी रात्री, दार लावून, आमच्या दोघांपुरता. अंबट भाजी, म्हणजे चिंचेत शिजवलेली पालेभाजी, हरभऱ्याची डाळ घातलेली. डांगर पचडी, उडदाचं पीठ दह्यात कालवून वर चुरचुरीत फोडणी. तिखटमिठाच्या पुऱ्या. आणि पिठलं. आमचं पिठलं पातळ असतं, चिंचेच्या कोळातलं, तिळाच्या तेलाच्या फोडणीचं, भातावर ओतायचं. हे सगळं गावात कुणाला माहीत नव्हतं, मेसच्या पानावर कधी आलं नव्हतं. आमच्या आईनं तिला शिकवलं, आईला तिच्या आईनं, आणि असं मागे मागे जात थेट राजाच्या मुदपाकखान्यापर्यंत. निदान मी तरी लोकांना असंच सांगत आलोय, आणि राजानं कधी तक्रार केलेली नाही.

त्या आठवड्यात आमच्या घरात जी तयारी झाली तशी राज्याभिषेकालाही झाली नसेल. चिंच वर्षाची जुनी हवी म्हणून अक्कानं मला पापनाशमला पिटाळलं, तिथल्या एका दुकानदाराकडे होती. बेसन तिनं विकतचं घेतलं नाही. डाळ भाजून दळून आणवली. गिरणीवाल्यानं विचारलं काय विशेष, मी म्हटलं माहेरचे येतायत. त्यानं ते पुढे सांगितलं, आणि दुपारपर्यंत गावात पक्कं झालं की अक्काच्या सासरकडचे लोक इस्टेट वाटायला येतायत.

बस आली. दिवस छान होता, ऊन कोवळं. निवृत्त मंडळी, डोक्याला टोप्या, गुडघ्याला पट्टे, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. मी लॉजच्या नव्या हॉलच्या दारात उभा राहून मराठीत स्वागत केलं, आणि जणू दगडी नंदी बोलला असं त्यांना झालं. "अय्या, हे मराठी बोलतात." मी माझ्या पोतडीतून काढता येतील तेवढ्या गोष्टी काढल्या. राजवाड्यापासून मोठ्या देवळापर्यंत भुयार आहे आणि त्यातून माझ्या पणजोबांनी हत्ती नेला होता, हे सांगितलं. हत्ती अर्ध्यात अडकला आणि अजून अधूनमधून ओरडतो, हे ऐनवेळी सुचलं म्हणून जोडलं. एका बाईंनी तो ऐकू येतो का म्हणून जमिनीला कान लावला. मी खूश होतो.

मग अक्का बाहेर आली. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ती म्हणाली, "बसा, हात धुवा, पानं मांडली आहेत." बस्स, एवढंच. त्या एका वाक्यानं गर्दी तिच्याभोवती जमली. "किती गोड. आजी, अजून बोला ना." आजी म्हणणाऱ्या बाई अक्काच्याच वयाच्या होत्या, केस तेवढे काळे केलेले. सगळ्यांनी मोबाइल वर धरले. अक्काला बोलायचं काही नव्हतं, तिला वाढायचं होतं. पण पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं. ती उभी राहून त्यांना हवं ते बोलली, कुणाचं काय नातं, घरात कुणाला काय म्हणतो, चमच्याला काय म्हणतो. ते हसत होते. वाईट हसत नव्हते, कौतुकानंच हसत होते. आत पुऱ्या गार होत होत्या.

शेवटी सगळे बसले. लांब टेबलांवर केळीची पानं, पाण्यानं पुसलेली, हिरवीगार. अक्कानं पिठलं स्वतः वाढलं.

"हे काय आहे?" पहिल्याच बाईंनी विचारलं.

"पिठलं."

ओळीनं सगळ्यांनी पानात वाकून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, परवाच तर मदुराईला खाल्लं. दुसऱ्यानं बोट बुडवून चाखलं आणि शेजाऱ्याला हळूच विचारलं की ह्यात चिंच का आहे. एक बाई आपल्या नवऱ्याला समजावत होत्या की हे पिठलं नाही, ह्यांना फक्त नाव आठवतंय. समोरच्या रांगेत एक गृहस्थ पानाच्या मधोमध भाताचं आळं करून बसले होते. काहीच घेत नव्हते. मी विचारलं, तर म्हणाले सांबारासाठी थांबलोय.

माणसं वाईट नव्हती, हे मी पुन्हा सांगतो, कारण मला ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती सभ्यपणे थोडं थोडं चिवडत राहिली. प्रत्येकानं अक्काला "छान आहे हं आजी" म्हटलं आणि कुणीही दुसऱ्यांदा घेतलं नाही. मी सांगतो, जेवायला घालणाऱ्याला "छान आहे" हे ऐकू येत नाही. त्याला "आणखी वाढा" एवढंच ऐकू येतं.

तेवढ्यात टूरच्या मॅनेजरनं मला खांद्याला धरून बाहेर अंगणात नेलं. चाळिशीचा माणूस, घामाघूम, पण आवाज चढवला नाही.

"काका, आठ दिवस आमचा महाराज ह्यांना पिठलं-भातच घालतोय. अख्ख्या टूरमध्ये एकच जेवण बाहेरचं, ते आजचं. कार्यक्रमात छापलंय, केळीच्या पानावर अस्सल साउथ इंडियन."

मी म्हटलं, हे अस्सल इथलंच आहे. ह्याच्याइतकं इथलं तुम्हाला साऱ्या जिल्ह्यात मिळणार नाही.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही मराठी आहात हो."

ह्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मला, ज्यानं भुयारात हत्ती घातला. आणि मी तिथं उत्तर शोधत उभा होतो तेवढ्या वेळात आत जे व्हायचं ते होऊन गेलं.

इथं एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे जेवण झालं की पान मिटतात. पानाची वरची बाजू आपल्याकडे दुमडून घ्यायची. म्हणजे पोट भरलं, मन भरलं, आपलं येणंजाणं असंच राहो. पान आपल्यापासून पलीकडे फक्त एकाच ठिकाणी मिटतात. मयताच्या घरी. तेराव्याच्या जेवणात खालची बाजू उचलून पलीकडे टाकायची, म्हणजे पुन्हा असं पान ह्या घरात पडू नये. तंजावुरात बोलता न येणाऱ्या पोरालाही हे कळतं.

पाहुण्यांत एक निवृत्त गृहस्थ होते, माहितगार. प्रत्येक बसमध्ये एक असतो. त्यांनी मोबाइलवर कुठंतरी पाहिलं होतं की दक्षिणेत पान मिटतात. कुणीकडे, ते लक्षात राहिलं नव्हतं. त्यांनी उभं राहून सगळ्यांना समजावलं की यजमानांचा मान राखायचा असेल तर पान असं मिटायचं, आणि करून दाखवलं. पलीकडे. मग सगळ्यांनी मान राखला. एका रांगेनं, एकमेकांकडे बघत, शाळेतल्या कवायतीसारखा.

मी आत आलो तेव्हा पाहुणे हात धुवायला गेले होते. हॉल रिकामा, रंगाचा वास ताजा, आणि दोन्ही बाजूंना टोकापर्यंत पलीकडे मिटलेली पानं. आमचा वाढपी, आमच्याकडे जन्म काढलेला म्हातारा, भिंतीला चिकटून उभा होता. हातात ताकाचं भांडं. ते तो काही खाली ठेवीना. एवढा मोठा अंत्यविधी त्यानं पाहिला नव्हता.

अक्का रांगेतून चालत होती. एकेक पान उघडायची आणि आपल्या हातानं बरोबर मिटायची. परक्यांच्या उष्ट्यात तिनं आयुष्यात कधी हात घातला नव्हता. आतलं पिठलं, न खाल्लेलं, तिच्या बोटांना लागत होतं. मी म्हटलं राहू दे. ती थांबली नाही.

वाढपी तमिळमध्ये म्हणाला, "अक्का, सोड. दिसायचं ते दिसलं."

बाहेर पाहुणे कॉफी पिऊन बसमध्ये चढत होते. काही जण रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेले होते, डोसे खायला. मला बघून त्यांनी खुशीत हात हलवला.

वाढपी भला माणूस. त्यानं कुणाला काही सांगितलं नसणार. तो फक्त चहाच्या टपरीवर गेला आणि गप्प बसला. आमच्या गावात माणूस चहाच्या टपरीवर गप्प बसला की पाच माणसं जमतात. मी पानांचा ढीग बाहेर टाकायला नेला तेव्हा कोपऱ्यावरच्या फुलवालीनं विचारलं, कोण गेलं. संध्याकाळी मोठ्या देवळाच्या बाहेर गोष्ट अशी होती की एक पाहुणा पानावरच गेला. पापनाशमला पोचेपर्यंत तिघं गेले होते आणि बस त्यांना घेऊन रातोरात पळाली होती. कुंभकोणमला तर मीच गेलो होतो. तिथल्या माझ्या एका लांबच्या मामेभावानं फोन करून विचारलं की केव्हा नेणार आहेत. फोन मीच उचलला. त्याला जरा वाईट वाटलं, कारण तो मला पोचवायला निघून बसमध्ये बसलाही होता.

मी हसतोय असं समजू नका. मी हे सगळं सांगतो तेव्हा लोक हसतात, म्हणून मी असं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लॉजवाला आला. कॉफी प्यायला. टंबलर वर धरून, ओठ न लावता, नेहमीसारखी. पाऊस ह्या वर्षी कमी पडला म्हणाला. कालव्याचं पाणी लवकर बंद करतील म्हणाला. हॉलबद्दल अक्षर नाही. मी विचारलं नाही. इथं कुणी कुणाला नाही म्हणत नाही. कशाचंही उत्तर "बघू" असतं, आणि मग एक दिवस तुम्हाला ते आपलं आपण दिसतं.

आम्हाला ते एका टेम्पोच्या रूपानं दिसलं. पोंगलच्या दोन-तीन दिवस आधी आमच्या दारावरून एक टेम्पो गेला, आत नवीकोरी भांडी. पातेली, झारे, भात शिजवायची हंडी, ग्राइंडर. लॉजकडे जायला दुसरा रस्ता नाही. टेम्पो हळू चालला होता, गल्ली अरुंद. ड्रायव्हरच्या शेजारी पापनाशमचा एक केटरर बसला होता. त्यानं मला ओळखून नमस्कार केला. मी पण केला. अक्का दारात उभी होती. तिनं भांडी नीट पाहिली आणि म्हणाली, हंडीचं बूड पातळ आहे, भात लागेल.

दुसऱ्या दिवशी मी लॉजवाल्याला टंबलर हातात द्यायच्या आधी विचारलं. विचारलं म्हणजे आरडाओरडा केला. शाळेपासूनचं काढलं, त्याच्या बापाचं काढलं, त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला अक्कानं चाळीस दिवस डबा दिला तो काढला. मेसमधले क्लार्क इडली हातात धरून ऐकत होते. तो ओरडला नाही. सगळं झाल्यावर शाळेतल्याच लाडक्या हाकेनं म्हणाला, "मापळे, त्यांना कळलं नाही हे मला माहीत आहे. तुला माहीत आहे. पण त्या हॉलात लग्नं लागायची आहेत, आणि लग्नं ह्या गावातली असणार. पहिलं पान मयताचं पडलं त्या जागी कोण पोरगी उभी करेल?"

मी म्हटलं, मग केटररला का दिला हॉल.

"त्याच्या हाताला काही लागलेलं नाही." मग म्हणाला, "तुला सांगितलं होतं, सांबार कर."

आणि हात पुढे करून त्यानं आपली कॉफी मागितली. मी दिली. मोठ्या शहरात म्हणे माणूस तुमचं वाटोळं करतो आणि निघून जातो. पुन्हा दिसत नाही. किती सोय आहे. इथं तो रोज सकाळी सहाला येतो, त्याला कमी साखर लागते हे तुम्हाला माहीत असतं, आणि तुम्ही कमी घालता.

लॉजवाल्यानं हॉल शुद्ध करून घेतला. पुरोहित बोलावले, होम केला, दारात केळीचे खांब. सगळं गाव जेवायला गेलं, आम्हीही गेलो. न जाऊन चालत नाही. भात खाली लागला होता.

मालकाकडून आठेक दिवस वाढवून घेऊन, पोंगलनंतर आम्ही मेस रिकामी केली. अक्काच्या मुलीनं रेल्वेचं तिकीट पाठवलं होतं. आणि त्याच दिवशी लॉजवाला आला, ह्या वेळी संध्याकाळी, चपला बाहेर काढून. केटररचा स्वयंपाकी दारू पिऊन पडत होता. सांबार बिघडत होतं. अक्का येईल का, फक्त स्वयंपाकघरात, बाहेर यायचं कारण नाही. तो खरोखर भल्या मनानं विचारत होता, डोळे ओले होते, आणि म्हणूनच मला त्याला उचलून कालव्यात टाकावंसं वाटलं. मी म्हटलं, तुझ्या नोकरीवर, त्याच हॉलात, तोंड लपवून? मी त्याला दाराकडे नेत होतो तेव्हा आतून अक्कानं विचारलं, चूल किती तोंडांची आहे.

तो म्हणाला, सहा.

ती सोमवारी त्या चुलीपुढे गेली.

मीही जातो. केटररला मराठी येत नाही, आणि बस तर येतच असतात. मी दारात उभा राहून स्वागत करतो, पिण्याचं पाणी देतो, गोष्टी सांगतो. हत्ती आता दोन झाले आहेत. सांबार हे मुळात आमच्या मराठी राजवाड्यात जन्मलं, आणि चिंच घालणारा हात माझ्या खापरपणजोबांचा, हेही सांगतो. ते ऐकून लोक टाळ्या वाजवतात आणि आणखी मागतात. मागच्या खेपेला तोच मॅनेजर आला होता. जेवून माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, काका, आता कसं अस्सल वाटतंय.

परवाच्या बसमधल्या एक बाई पानावरून उठून सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांना सांबार करणारं माणूस बघायचं होतं. हिंदी, इंग्रजी आणि हातवारे मिळून त्यांनी अक्काला सांगितलं की असं सांबार त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. चाळिशीच्या असतील, समजूतदार चेहरा. अक्कानं पदरानं कपाळ पुसलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाली, सावकाश जेवा. आणि पातेल्याकडे वळली.

मी मागे उभा होतो. बाईंनी मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" मी सांगितलं.

"ह्यांना मराठी येत नाही का, तुमच्यासारखं?"

अक्कानं सांबार ढवळणं थांबवलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "स्वयंपाकीण इथलीच आहे."

बाईंनी मान डोलावली आणि वाटीभर सांबार आणखी मागितलं.